भायखळा ते काळा घोडा: एका दिवसाची संग्रहालय सहल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर वर्षी दिवाळी आटोपली की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतून पंधरा-वीस जणांना घेऊन मी मुंबईची संग्रहालयं बघायला निघतो. दर वर्षी निघायच्या आधी आठवडाभर व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. डोंबिवलीच्या जागी तुम्ही ठाणे, वसई किंवा पुणं धरा, फार काही बदलत नाही.

नेमकं काय काय बघायचं?

दोन संग्रहालयं नीट बघायची. सकाळी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि दुपारी फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुनी माणसं अजून त्याला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात आणि टॅक्सीवाल्यालाही तेच नाव पटकन कळतं. संध्याकाळी पाय चालत असतील तर शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी. बस.

एवढंच? समोर एनजीएमए (आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय) आहे, रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आहे, एशियाटिक सोसायटी आहे. एकाच दिवसात नाही का होणार?

होतील की. दारं मोजायची असतील तर पाचही होतील. पहिल्या वर्षी मी तेच केलं. रात्री घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय बघितलंस? मला एक मगर आठवली आणि एक जिना. तेव्हापासून नियम ठरला: एका संग्रहालयात आठ-दहा वस्तूंपुढे थांबायचं आणि बाकीच्यांना जाता जाता नमस्कार करायचा. एखाद्या मूर्तीपुढे पाच मिनिटं उभं राहून बघा, मग कळेल की पाच मिनिटं हा केवढा मोठा वेळ असतो.

कोणता वार धरावा?

मंगळवार, गुरुवार, शुक्रवार किंवा शनिवार. बुधवारी भायखळ्याचं संग्रहालय बंद असतं, त्याला लागून असलेली राणीची बागही बंद असते. एका वर्षी मी अठरा जणांना बुधवारी नेलं होतं. त्या दिवशी आम्ही राणीच्या बागेचं फाटक फार बारकाईनं बघितलं. सोमवारी एनजीएमए बंद. रविवारी दोन्ही मोठी संग्रहालयं उघडी असतात, पण मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो आणि बागेत पेंग्विन बघणाऱ्यांची जत्रा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा टाळाच.

डुलकी लागल्यासारखं एखादं दालन दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतं. भायखळ्याची मुख्य इमारतही मध्यंतरी बराच काळ कामासाठी बंद होती. त्यामुळे आदल्या दिवशी संकेतस्थळ बघा नाहीतर फोन करा. तिकिटाचे दरही तिथेच बघा, ते बदलत असतात.

भायखळ्यापासूनच सुरुवात का? सीएसएमटीला उतरून आधी मोठं म्युझियम उरकलं तर?

तीन कारणं आहेत. पहिलं व्यवहाराचं: सकाळी डोंबिवलीहून निघालेल्याला भायखळा आधी लागतं आणि बहुतेक फास्ट गाड्या तिथे थांबतात. परत येताना मात्र गाडी सीएसएमटीहून पकडायची, कारण ती तिथूनच सुटते आणि बसायला जागा मिळायची थोडी तरी आशा असते.

दुसरं कारण डोळ्यांचं. भायखळ्याचं संग्रहालय छोटं आहे, दीड-दोन तासांत मन भरून बघून होतं. आधी मोठ्यात गेलात तर तिथेच दमाल आणि मग छोटं बघायचं राहून जाईल.

तिसरं कारण मला सगळ्यांत आवडतं. भायखळ्याला बघितलेल्या गोष्टींचे धागे दुपारी फोर्टात पुन्हा हाताला लागतात. उलट क्रमानं गेलं तर ही गंमत जाते.

भायखळा स्टेशनवर उतरल्यावर काय?

लगेच पूर्वेकडे धावू नका. आधी स्टेशनच बघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ती इथूनच. या जुन्या स्थानकाचं अलीकडेच जतन झालं आणि त्याला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी प्रिन्स ऑफ वेल्सच्या इमारतीलाही मिळाला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ मध्येच मिळाला होता. तिन्ही कामांमागचे जतन-वास्तुविशारद एकच, विकास दिलावरी. म्हणजे आपली सहल फलाटावरच सुरू झाली.

तिथून राणीची बाग चालत दहा-बारा मिनिटं. पूर्वेला बाहेर पडा आणि कुणालाही विचारा.

हे भाऊ दाजी लाड कोण?

या प्रश्नाला मी गाडीतच उत्तर देतो, कारण ते लांबतं.

मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. जन्म गोव्यातल्या मांद्र्याचा. घरची गरिबी. मातीच्या बाहुल्या विकून घर चालायचं, असं जुन्या चरित्रांत येतं. पोरगं बुद्धिबळात तरबेज होतं. ते बघून एका इंग्रजानं वडिलांना सांगितलं, याला इंग्रजी शिकवा, आणि कुटुंब मुंबईला आलं. पुढे भाऊ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाले. महारोगावर औषध शोधण्यासाठी धडपडले. दुसरीकडे शिलालेख वाचले, जुनी नाणी आणि हस्तलिखितं जमवली, संस्कृत ग्रंथांच्या काळनिश्चितीवर लिहिलं. मुंबईचे शेरीफही झाले. शहराला संग्रहालय हवं म्हणून लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्यांत नाना शंकरशेठ होते, तसे भाऊ दाजीही होते.

इमारतीची पायाभरणी १८६२ ची. तेव्हा अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस अडला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता. पैसा पाण्यासारखा वाहत होता. १८६५ ला युद्ध संपलं, शेअरबाजार कोसळला, वर्गणी कबूल केलेले शेठजी कंगाल झाले आणि बांधकाम रखडलं. शेवटी सरकारनं हात दिला आणि २ मे १८७२ ला संग्रहालय लोकांसाठी उघडलं. नाव ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’. त्यानंतर दोनच वर्षांनी भाऊ दाजी वारले. त्यांचं नाव या वास्तूला मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं.

म्हणजे वाघनखं इथलीच का?

नाही हो. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टची. २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आणली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली. नावं सारखी असल्यामुळे हा घोळ दर वर्षी होतो.

भायखळ्याला आत शिरल्यावर आधी काय बघायचं?

आधी वर बघा. लोखंडी खांब, सोन्याचा वर्ख दिलेली नक्षी, हिरवट रंग आणि मधोमध राणीच्या नवऱ्याचा, प्रिन्स अल्बर्टचा, पांढराशुभ्र पुतळा. आपण एखाद्या दागिन्यांच्या पेटीत शिरलोय असं वाटतं. एका आजोबांनी आत येताच आपोआप आवाज खाली केला होता, जसा गाभाऱ्यात करतात.

तळमजल्यावर कारागिरीच्या वस्तू आहेत: बिदरीकाम (काळ्या धातूवर चांदीची नक्षी), हस्तिदंत, चांदी, लाखकाम, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेली मातीची भांडी. ही भांडी चुकवू नका. एकोणिसाव्या शतकात जे. जे.मध्ये जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली ही कुंभारकला बहरली. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या आकृती त्यावर उतरल्या आणि ही भांडी विलायतेतल्या प्रदर्शनांत गाजली. कुंभार आपले, भट्टी आपली, गिऱ्हाईक साहेब.

पण सगळे रमतात ते वरच्या मजल्यावर, मातीच्या छोट्या बाहुल्यांपुढे. कोळी, पारशी, भंडारी, वाणी, बोहरी. प्रत्येकाची पगडी वेगळी, लुगडं नेसायची तऱ्हा वेगळी. कुणी सूत कातंय, कुणी तेल गाळतंय, कुणी पट मांडून बसलंय. शेजारी जुने नकाशे आहेत, सात बेटं कशी सांधली गेली ते दाखवणारे. होड्यांचे नमुने आहेत, पारशांच्या दख्म्याचा, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याचा, नमुना आहे. आपल्याकडे आजी-आजोबांना नेण्याचा फायदा इथे होतो. आमच्या गटातल्या एका काकूंनी एका बाहुलीकडे बोट दाखवून सांगितलं, ‘ही नऊवारी चुकीची नेसवलीय.’ आणि बरोबर कशी ते तिथेच उभ्या राहून समजावलं. सुरक्षारक्षकही ऐकत होता.

आता मगाशी गाडीत सांगितलेली मातीच्या बाहुल्यांची गोष्ट आठवा. लाडांच्या घरचा धंदा आणि या कपाटांतल्या बाहुल्या यांचा थेट काही संबंध नाही. मला मात्र त्या कपाटापुढे तेच आठवतं.

या संग्रहालयाचं आधीचं सामान खिडकीतून फेकलं होतं म्हणे?

जवळजवळ तसंच. लंडनमध्ये १८५१ ला आणि पॅरिसला १८५५ मध्ये मोठी औद्योगिक प्रदर्शनं झाली. त्यासाठी इथून पाठवलेल्या मालाच्या जोडीच्या वस्तू मुंबईत ठेवून फोर्टातल्या एका बराकीत संग्रह उभा राहिला. १८५७ चा उठाव झाला, सैन्याला बराक हवी होती, आणि सगळं घाईघाईनं बाहेर काढलं. बरंच काही मोडलं. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी नंतर संग्रह पुन्हा जमवायला घेतला.

बाहेर बागेत दगडी हत्ती आहे, तो कसला?

तो सहलीतला माझा सगळ्यांत लाडका प्राणी आहे आणि लोक त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात.

घारापुरीला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटलं, ते ज्या दगडी हत्तीमुळे, तो हाच. बेटावर धक्क्याजवळ उभा होता. १८६४ मध्ये त्याला उचलून इंग्लंडला न्यायचं ठरलं. क्रेननं उचलताना साखळी तुटली आणि हत्ती पडून फुटला. तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ मध्ये ते जोडून पुन्हा हत्ती उभा केला. जवळ जाऊन बघा, सांधे दिसतात. साखळी मजबूत असती तर तो बघायला आज व्हिसा लागला असता.

आणि मागे ते तुटक्या नाकाचे पुतळे?

राणी व्हिक्टोरिया, कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली हे गव्हर्नर जनरल आणि मंडळी. हे एकेकाळी शहरातल्या चौकांत होते. १९६५ मध्ये ते हलवून भायखळ्याला आणले गेले.

त्याच वेळी एक घोडाही आला. फोर्टात सातव्या एडवर्डचा काळ्या रंगाचा अश्वारूढ पुतळा होता, अल्बर्ट ससून यांनी दिलेला, १८७९ मध्ये उभारलेला. त्यावरूनच त्या भागाला ‘काळा घोडा’ नाव पडलं. तो घोडा आता राणीच्या बागेच्या आवारात आहे. म्हणजे खरा काळा घोडा भायखळ्याला आणि काळा घोडा चौक तिकडे तीन-चार मैलांवर. दुपारी आपण चौकात पोचतो तेव्हा तिथे २०१७ मध्ये बसवलेला नवा घोडा दिसतो, पाठीवर स्वार नसलेला. सकाळी स्वार बघायचा, दुपारी रिकामी पाठ. मुलांना हे कोडं म्हणून घाला, त्यांना फार आवडतं. पुतळा नेमका कुठे आहे ते फाटकावर विचारा. बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

जेवणाचं काय?

संग्रहालयात खायला परवानगी नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण दर वर्षी कुणीतरी थालीपीठ काढतंच. आम्ही बारा-साडेबाराला भायखळ्याहून स्लो लोकल पकडतो. सँडहर्स्ट रोड, मशीद, मग सीएसएमटी, दहा मिनिटांत. जेवायला फोर्टात उडप्यांची हॉटेलं भरपूर आहेत. एकच लक्षात ठेवा: एक ते दोन ऑफिसवाल्यांची वेळ. वीस जण एकदम शिरलात तर वेटर तोंडावर न दाखवता मनात शिव्या घालतो. चार-चारच्या टोळ्या करा आणि पावणेदोनला भेटा. राजमा-भात, पुरीभाजी असं जड खाऊ नका. तीन वाजता लघुचित्रांच्या दालनात दिवे मंद असतात.

सीएसएमटीहून वस्तुसंग्रहालय लांब आहे का?

चालत वीसेक मिनिटं. हुतात्मा चौकातून सरळ. ज्येष्ठांनी टॅक्सी करावी, भाडं वाटून घ्यावं. पश्चिम उपनगरातून थेट येणाऱ्यांना आता भुयारी मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्थानक सोयीचं पडतं.

शिवाजी महाराजांच्या नावाचं संग्रहालय आहे, तर महाराजांच्या वस्तू कुठे आहेत?

हे नाव १९९८ मध्ये दिलं गेलं. संग्रहालय शिवचरित्राचं नाही, ते सगळ्या पश्चिम भारताचं कला, पुरातत्त्व आणि निसर्गाचं संग्रहालय आहे. तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा पंचम जॉर्ज, यानं ११ नोव्हेंबर १९०५ ला कोनशिला बसवली. आराखडा जॉर्ज विटेटचा, ज्यानं गेटवे ऑफ इंडिया आखला. इमारत तयार झाली तोवर पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिथे लष्करी इस्पितळ थाटलं गेलं. शेवटी १० जानेवारी १९२२ ला दारं उघडली.

मराठ्यांच्या खुणा मात्र आहेत, शोधाव्या लागतात. आत गेल्यावर मुख्य दालनातल्या लाकडी महिरपी बघा, त्या नाशिकच्या एका वाड्यातून आलेल्या आहेत. घुमटाच्या आतल्या कमानींची कल्पना विजापूरच्या गोल घुमटाची. काळा दगड कुर्ल्याचा, पिवळसर मालाडचा. म्हणजे आपल्या लोकल गाडीच्या स्टेशनांचीच भिंत. आणि चित्रांचा जो मोठा भाग शेठ पुरुषोत्तम मावजी यांच्या संग्रहातून १९१५ मध्ये घेतला, त्यात एकेकाळी नाना फडणवीसांच्या दप्तरात असलेली चित्रंही होती. मेणवलीच्या वाड्यात बसून नाना संध्याकाळी कोणती चित्रं उलगडत असतील, असा विचार करत ते दालन बघा.

रतन टाटांचा संग्रह म्हणजे आत्ता गेले ते रतन टाटा?

नाही. हे सर रतन टाटा, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १९१८ मध्ये वारले. २०२४ मध्ये गेलेले रतन टाटा हे त्यांच्या पत्नीनं दत्तक घेतलेल्या नवल टाटांचे चिरंजीव. सर रतन यांचा संग्रह मृत्यूपत्रानुसार संग्रहालयाला मिळाला, थोरले भाऊ सर दोराब यांचा १९३३ मध्ये. युरोपीय तैलचित्रं, चिनी आणि जपानी भांडी, जेडच्या वस्तू यातलं पुष्कळसं या दोघांचं. पाटलीपुत्राच्या उत्खननालाही सर रतन यांनीच पैसा पुरवला होता.

तीन तासांत तिथे काय काय बघावं?

माझी यादी सांगतो, तुमची वेगळी असेल.

मीरपूर खासच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती. सिंधमधल्या एका बौद्ध स्तूपावरच्या, साधारण पाचव्या शतकाच्या. हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० मध्ये तिथे उत्खनन केलं. कमळं हातात धरून उभा असलेला एक दाता, म्हणजे स्तूपाला दान देणारा माणूस, आहे, त्याच्या अंगावर रंगाचे अंश अजून शिल्लक आहेत. मातीचा माणूस, भाजलेला, दीड हजार वर्षांचा. लोक विचारतात, सिंधचं इथे कसं? कारण १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. संग्रहालयाच्या भिंती कधी कधी जुन्या नकाशानुसार असतात.

सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख. हा साधा फुटका दगड आहे, अक्षरं पुसट. गर्दी तिथून सरळ निघून जाते. पण नालासोपाऱ्याहून आलेल्या एका मुलीला मी तो दाखवला तेव्हा ती म्हणाली, ‘आमच्या नालासोपाऱ्याचा?’ हो, तुमच्याच. आठव्या आज्ञेचा तुकडा, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला. आणि भगवानलालना घडवलं कुणी? भाऊ दाजींनी. त्यांनीच या तरुणाला शिलालेखांचे ठसे घ्यायला देशभर पाठवलं होतं. सकाळचा धागा इथे पुन्हा सापडतो तो असा.

अकबराच्या चित्रशाळेतली ‘अन्वार-इ-सुहैली’ची पानं. पंचतंत्राच्या गोष्टी फारसीतून. ज्यांनी लहानपणी करटक-दमनक वाचले त्यांना ओळख पटायला वेळ लागत नाही. शस्त्रदालनात अकबराचं चिलखत आणि ढाल आहे, पोलादावर सोन्याची कोफ्तगिरी, म्हणजे तार ठोकून बसवलेली नक्षी, केलेली.

ॲसिरियाचे दगडी पट. आजच्या इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातले, दुसऱ्या अशुरनसिरपालचे, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातले. एकोणिसाव्या शतकात तिथल्या उत्खननातला माल बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जायचा. दाढीच्या एकेका केसाची वळकटी कशी कोरलीय ते बघा आणि मग मराठवाड्यातला एखादा वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, आठवा.

कर्नाटकातल्या ऐहोळेच्या देवळाची छतशिल्पं. मान वर करून बघण्यासाठी केलेली असतात, इथे ती समोर उभी आहेत. थोडं वाकडं होऊन बघितलं तर गंमत येते.

मुलं सोबत असतील तर निसर्गविभाग सोडू नका, मुलं तुम्हाला सोडू देणारही नाहीत. आवारात मुलांचं वेगळं संग्रहालयही २०१९ मध्ये झालंय.

देवाच्या मूर्ती आहेत, चपला काढायच्या का?

नाही, पण प्रश्न अगदी योग्य आहे. एकदा एका मावशींनी महिषासुरमर्दिनीपुढे हात जोडले आणि मागून एक कॉलेजकुमार हसला. त्यांनी मागे वळून विचारलं, ‘तू हसलास तर ती दगड, मी हात जोडले तर ती देवी. तुला काय अडचण?’ त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

याचं दुसरं टोक परळला आहे. १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात तिथे शिवाची एक प्रचंड शिळा सापडली, एकात एक गुंतलेल्या शिवाकृतींची. लोकांनी ती संग्रहालयात जाऊ दिली नाही, आजही बारादेवीच्या देवळात तिची पूजा होते. संग्रहालयात तिचा साचा काढून ठेवलाय. साचा बघून मूळ बघायची इच्छा झाली तर परतताना परळला उतरा, पण त्यासाठी वेगळा दिवस काढलेला बरा.

चित्रांच्या दालनात एवढा अंधार का? बिल वाचवतात का?

जुने रंग आणि कागद उजेडानं मरतात आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून कागदावरच्या चित्रांसाठी जगभर साधारण ५० लक्स उजेड धरतात. आपल्या घरच्या हॉलमध्ये त्याच्या कितीतरी पट असतो. आत जाऊन दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावतात. फ्लॅश मारू नका म्हणतात तेही याचसाठी. आणि तुम्ही गेल्या वर्षी बघितलेलं चित्र या वर्षी दिसलं नाही तर घाबरू नका, चित्रांना विश्रांती देतात.

गाइड घ्यावा का?

ऑडिओ गाइड मिळतो, मराठीतही. एकट्या-दुकट्यानं आलात तर जरूर घ्या. गटात घेतलात तर वीस माणसं कानात वेगवेगळ्या गोष्टी ऐकत वेगवेगळ्या दिशांना बघतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही नाही घेत.

गुडघे दुखतात. जमेल?

जमेल, पण प्रामाणिकपणे सांगा. दोन्हीकडे वरचे मजले आहेत. व्हीलचेअर आणि लिफ्टची चौकशी तिकिटाच्या खिडकीवरच करा. तळमजल्यावरच्या शिल्पदालनांत तुम्ही निवांत तास काढू शकता आणि बाकीचे वर-खाली करून दमलेले तुम्हाला येऊन मिळतील. बूट जुने, सवयीचे घाला. नवे बूट संग्रहालयासाठी कधीच नाहीत.

जहांगीर आर्ट गॅलरीत काय असतं?

दर आठवड्याला नवीन चित्रकार. १९५२ पासून, प्रवेश फुकट. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून झाली, चित्रकार हेब्बर यांनी आग्रह धरला होता. समोरचा कावसजी जहांगीर हॉलही, म्हणजे आत्ताची एनजीएमए, त्याच घराण्याचा. जहांगीरमध्ये बऱ्याचदा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्याशी बोला. दिवसभर ज्यांच्या कलेपुढे उभे राहिलात ते सगळे शेकडो वर्षांपूर्वी गेलेले आहेत. हा माणूस जिवंत आहे आणि त्याला कंटाळा आलाय.

आत ‘समोवर’ नावाचं कॅफे होतं, ते २०१५ मध्ये बंद झालं. ज्यांनी तिथे तरुणपणी एका चहावर तीन तास काढले, ते आमच्या गटातले लोक त्या जागेसमोर दर वर्षी अंमळ जास्त थांबतात. मी घाई करत नाही.

परत कधी निघायचं?

सहाची गाडी पकडायचा विचारही करू नका. सहा ते आठ मध्य रेल्वेवर जे असतं ते वस्तुसंग्रहालयात ठेवायच्या लायकीचं आहे. गेटवेला जाऊन बसा, चहा प्या, विटेटचीच कमान बघा. साडेआठनंतर सीएसएमटीहून निघणारी गाडी धरा.

तिकिटं आणि फोटोंव्यतिरिक्त घरी काय आणायचं?

एक सवय लावून बघा. गाडीत बसल्यावर प्रत्येकानं न बघता, आठवणीतून, एक वस्तू कागदावर काढायची. चित्र येत नसलं तरी. गेल्या वर्षी सात जणांनी दगडी हत्ती काढला आणि सातही हत्ती वेगळ्या बाजूला तोंड करून होते. मग मुलुंडपर्यंत त्यावरच भांडण चाललं. या वर्षी भायखळ्याला आधी तेच तपासायचं ठरलंय.